चौथा पाय

त्या माणसानं पोस्टर माझ्या टेबलावर अंथरलं, चारी कोपऱ्यांवरून हात फिरवून सपाट केलं आणि कुत्रीच्या कपाळावर बोट ठेवलं.

“ही कुठं हाय?”

पोस्टर कुठल्यातरी भिंतीवरून उचकटून आणलेलं होतं. मागच्या खळीला चुन्याचे पोपडे चिकटले होते. मी त्याच्यावरचा मजकूर पहिल्यांदाच बघत असल्यासारखा वाचत राहिलो. ‘शेपटी स्टुडिओ. चार पायांची माणसं, त्यांचेही फोटो! येत्या रविवारी सकाळी आठ ते बारा, कृष्णाघाट.’ खाली स्टुडिओ चालवणाऱ्या मृदुलाचा फोन नंबर. आणि अगदी तळाला, मुंगीएवढ्या अक्षरांत, माझं नाव आणि दुकानाचा पत्ता.

“तुम्ही कोण?” मी विचारलं.

“मायाप्पा बंडगर. जतच्या पुढं गाव हाय आमचं. ह्यो माझा मेहुणा.”

मेहुणा दारातच उभा होता. चांगला आडवा माणूस; तो उभा राहिल्यावर दुकानात अंधारून आलं होतं. मायाप्पा मात्र किरकोळ होता, पन्नाशीचा, दाढीचे पांढरे खुंट वाढलेला.

“ही माझी कुत्री हाय. हरणी. दोन वर्सं झाली हरवून.”

“पोस्टरवर फोन नंबर आहे की.”

“केला. बाई म्हणाली, पत्ता देत न्हाई. मग फोनच उचलंना. खाली तुमचं नाव व्हतं.”

त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि एक फोटो दाखवला. कुठल्यातरी माळावर, गळ्यात गुलालानं माखलेला हार घातलेली एक कारवानी जातीची शिकारी कुत्री. बदामी रंग, बारीक कंबर, कपाळावर पांढरा चांद, डाव्या कानाचं टोक कापलेलं. पोस्टरमधलीच होती. शंकेला जागाच नव्हती.

“हिनं चार मैदानं मारल्यात,” तो म्हणाला. पळणाऱ्या कुत्र्यांच्या शर्यतीला ते मैदान म्हणतात. “परवा एसटीतनं उतरलो आन् भिंतीवर ही. आता मला सांगा, कशावरनं वळखली असंल?”

मी तिच्या कपाळावरच्या चांदाकडं बोट केलं.

“तोंडावरनं न्हाई.” त्याचं बोट पोस्टरवरून खाली सरकलं आणि मागच्या डाव्या पायावर थांबलं. “ह्यो पाय. कसा दाबून टाकलाय बगा. असा पाय अख्ख्या तालुक्यात न्हाई. पाय बगितला आन् काळजात लक्क झालं. तोंड मागनं बगितलं.”

मी पाण्याची बाटली उचलली. ती रिकामी होती, तरी तोंडाला लावली. एक वाक्य बोललो असतो तर सगळं तिथंच मिटलं असतं. ते वाक्य माझ्या जिभेवर होतं. पण मी म्हणालो, “फोटो मी काढत नाही. मला फोटो येतात, मी नुसतं पोस्टर करतो. पत्ता मला ठाऊक नाही.”

“मग बाईला बोलवा. आम्ही बसतो.”

दोघं बाकावर बसले. मी आतल्या खोलीत जाऊन मृदुलाला फोन लावला.

मृदुला शिखरे माझ्याबरोबर कॉलेजात होती. एका खाजगी कंपनीतली बरी नोकरी सोडून तिनं सांगलीत हा उद्योग काढला होता. लोकांच्या कुत्र्या-मांजरांचे फोटो काढायचे. “इथं माणसं स्वतःचा फोटो आधारकार्डापुरता काढतात, कुत्र्याचा कोण काढणार?” असं तिला तिच्या घरचे रोज ऐकवायचे. रविवारचा कार्यक्रम म्हणजे तिची पहिली जाहीर उडी होती. घाटावर या, जनावर आणा, फोटो काढून घ्या. पोस्टरसाठी तिनं मला सहा फोटो पाठवले होते आणि निवड माझ्यावर सोडली होती, कारण आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ती आठवडाभर पुण्याला होती. फोटोंखाली एवढंच लिहिलं होतं: पाचवा मला आवडतो, बाकी तू बघ. तयार पोस्टर तिनं दवाखान्यात उभ्याउभ्या फोनवर पाहिलं होतं, काडेपेटीएवढं. छान म्हणाली होती. त्याच सकाळी ती परत आली होती.

वीस मिनिटांत तिची स्कूटर दारात लागली. ती आत आली, त्या दोघांना नमस्कार केला आणि टेबलावरच्या पोस्टरकडे पाहिलं. मोठं पोस्टर ती पहिल्यांदाच बघत होती. बघता बघता तिचा चेहरा उतरला.

“एक मिनिट,” ती मायाप्पाला म्हणाली. मला आतल्या खोलीत घेऊन गेली आणि दार लावलं.

“संदेश, हा पाय कुठून आला?”

मी प्रिंटरकडे बघत होतो.

“संदेश.”

“मी लावला.”

पाचव्या फोटोतल्या कुत्रीला तीन पाय होते. मागचा डावा पाय मांडीपासून नव्हता. घाटाच्या पायरीवर ती उभी होती, सकाळचं ऊन अंगावर, मान उंच. सहाही फोटोंत तोच सरस होता, यात वाद नव्हता. फक्त पाय कमी होता. आणि माझं पोटच मुळी अशा कामांवर चालायचं. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर मी लोकांची पोटं आत घ्यायचो, टकलांवर केस उगवायचो, साठीच्या माणसाला चाळिशीचा करून द्यायचो. तसाच कुत्रीचा मागचा उजवा पाय कॉपी केला, उलटा केला, गुडघ्यात जरा वाकवला, खाली सावली टाकली. अर्धा दिवस गेला, पण इतकं सफाईदार काम माझ्या हातून आधी झालं नव्हतं. मी खूश होतो.

“वर ‘चार पायांची माणसं’ लिहायचं आणि खाली तीन पायांची कुत्री?” मी म्हणालो. “लोक हसले असते मृदुला.”

“त्या ओळीखाली मला तोच फोटो हवा होता! म्हणून तर सांगितलं पाचवा.”

“मला कसं कळणार?”

“विचारायचं असतं.” तिचा आवाज चढला होता, तो तिनं दाबला. “कुत्री आवळे सिस्टरकडं असते. त्यांनी हे पाहिलं म्हणजे? त्यांनी त्या कुत्रीसाठी काय केलंय तुला कल्पना आहे? आणि आता हा माणूस. जा बाहेर. जा आणि सांग त्याला.”

मी बाहेर गेलो. त्या चार पावलांची आठवण मला अजून नकोशी वाटते.

“मायाप्पा, हा पाय खरा नाही,” मी म्हणालो. “मी कंप्युटरवर लावलाय. कुत्रीला तीनच पाय आहेत.”

मायाप्पानं माझ्याकडं पाहिलं, मग मेहुण्याकडं. रागावला नाही, हसला.

“आता तीन पाय झालं व्हय? मगाशी का न्हाई बोलला?”

मी मूळ फोटो स्क्रीनवर उघडला. दोघं माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले. मेहुणा बराच वेळ वाकून बघत होता.

“आत बसून आत्ताच पुसला जणू पाय,” तो म्हणाला.

“नाही हो, हा मूळ फोटो आहे.”

“लावता येतोय तर काढता बी येतोय की.”

मायाप्पानं पोस्टरची गुंडाळी केली. आता तो हसत नव्हता.

“हे बगा साहेब, मी अडाणी माणूस. पण ही कुत्री मी बाटलीनं दूध पाजून वाढवलीया. मला तिला डोळ्यानं बघायचं हाय. न्हाईतर पोलिसात जातो. पोस्टर हाय, माझ्याकडं फोटो हाय, खाली तुमचं नाव हाय.”

मागोमाग बाहेर आलेल्या मृदुलानं आवळे सिस्टरना फोन लावला आणि काय झालं ते सांगितलं. पलीकडचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला, इतका तो खणखणीत होता. “घेऊन ये त्यांना. पण चपला पायरीखाली काढायला सांग, आत्ताच फरशी पुसलीय मी.”

मी मृदुलाच्या मागं बसलो. ते दोघं मोटारसायकलवर आमच्या मागोमाग. रेल्वेचं गेट बंद होतं, तिथं आम्ही थांबलो तेव्हा ती मान न वळवता म्हणाली, “त्यांनी उचलून नेली तर? सिस्टर एकट्या राहतात. बोलायला तेवढीच आहे त्यांना.” मालगाडी जाईपर्यंत मी डबे मोजत बसलो.

सरोजिनी आवळे सिस्टर चाळीस वर्षं नर्सची नोकरी करून निवृत्त झाल्या होत्या. दोन खोल्यांचं बैठं घर, पुढं पडवी, पडवीला लागून अंगण आणि लोखंडी फाटक. त्या पडवीत खुर्ची टाकून बसल्या होत्या. पांढरे केस घट्ट मागं ओढलेले, पाठ ताठ. मागचं दार बंद होतं. दारापलीकडं फरशीवर नखांचा आवाज येत होता. टक, टकटक. टक, टकटक.

तो आवाज ऐकून मायाप्पा पायरीवरच थबकला.

“बसा,” सिस्टर म्हणाल्या. कुणीच बसलं नाही. मग त्यांनी केसपेपर भरून घ्यावा तसं सुरू केलं. “कधी हरवली तुमची?”

“मागल्याच्या मागल्या साली. दिवाळी झाल्यावर.”

“कुठं?”

“म्हैसाळकडं. पावण्याकडं आलतो.”

“पाहुण्यांच्या गावात कुत्री कशी हरवली?”

तो घुटमळला. “सशामागं सोडली व्हती.”

“हं.” सिस्टरनी मान हलवली. “मला ती म्हैसाळच्या रस्त्यालाच सापडली. उसाच्या फडात, बांधापासून जरा आत. डुकरांसाठी कुणीतरी तारेचा फास लावला होता, त्यात पाय अडकलेला. डॉक्टर म्हणाले, चार-पाच दिवस तरी तशीच असणार. तार हाडापर्यंत गेली होती. पाय काढावा लागला.”

“ती दुसरी असंल,” मायाप्पा घाईघाईनं म्हणाला. गुंडाळी सोडून त्यानं पोस्टर त्यांच्यापुढं धरलं. “माझी ही हाय. हिला कुठं काय झालंय? बगा की.”

सिस्टरनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पोस्टर मांडीवर घेतलं. किती वेळ बघत होत्या! आतला आवाजही थांबला होता. मग त्यांनी डोकं वर केलं.

“हे कोणी केलं?”

“मी,” मी म्हणालो.

“नाव काय तुझं?”

“संदेश.”

“चाळीस दिवस त्या जागेचं ड्रेसिंग केलंय मी, संदेश,” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. “तू एका दिवसात बरी केलीस.”

त्या उठल्या आणि दाराची कडी काढली. “पेशंट, ये बाहेर.” मग मायाप्पाकडं वळून म्हणाल्या, “पेशंट म्हणूनच आली, तेच नाव राहिलं.”

ती बाहेर आली. मागच्या एका पायावर उडी घेत, पुढचे दोन टाकत. मृदुलाला हुंगलं, मला हुंगलं. मग वाऱ्यावर काही यावं तशी तिनं मान वर केली आणि दगडासारखी थिजली.

पुढचं सगळं दोन-तीन क्षणांचं असेल. तिच्या घशातून एक आवाज निघाला, कुत्र्याचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. लहान मूल रडण्याआधी श्वास ओढतं तसा. ती पायऱ्यांवरून घसरतच खाली गेली, एकदा पडली, उठली, आणि मायाप्पाच्या गुडघ्यांत तोंड खुपसून उभी राहिली. तिचं सगळं अंग हलत होतं. जिथं पाय नव्हता ती मांडीसुद्धा हलत होती, जणू तिथूनही ती त्याच्यापर्यंत पोचू बघत होती.

मायाप्पाचे हात दोन्ही बाजूंना लोंबत होते. त्यानं तिला हात लावला नाही. तो त्या शिवलेल्या जागेकडं बघत होता.

“दाजी,” मेहुणा हळू आवाजात म्हणाला, “आपलीच हाय की ओ.”

“न्हाई,” मायाप्पा म्हणाला.

“अवो, कान बगा, चांद बगा—”

“न्हाई म्हणतोय न्हवं! आपली न्हाई ही.”

“ती ओळखतेय तुम्हाला,” सिस्टर म्हणाल्या.

“कुत्रं हाय. कुणाला बी शेपूट हलवतंय.” त्यानं गुडघे मागं घेतले, तशी ती पुढं सरकली. त्यानं आणखी एक पाऊल मागं घेतलं, वळला आणि फाटकाबाहेर चालता झाला. मेहुण्यानं चपला गोळा केल्या आणि फाटक ओढून घेतलं. ती फाटकापर्यंत गेली, गजांतून नाक बाहेर काढून उभी राहिली. सिस्टरनी दोनदा हाक मारली. तिनं मान वळवली नाही.

मृदुला माझ्याकडं बघून दबक्या आवाजात म्हणाली, “तीन पायांची म्हटल्यावर नको झाली.” आणि मलाही तेच वाटलं. मला संताप आला. म्हणजे स्वतःवरचा सगळा संताप फेकायला मला एक माणूस सापडला. मी फाटक उघडून त्याच्यामागं धावलो.

कोपऱ्यावर चिंचेखाली मोटारसायकल उभी होती. मेहुणा तिच्यावर बसून होता, आणि मायाप्पा रस्त्याच्या कडेला, दगडावर. डोक्याची टोपी त्यानं हातात धरली होती आणि तिच्यात तोंड घातलं होतं.

मी काय बोलायला आलो होतो ते विसरलो.

टोपीतून तोंड वर काढून तोच म्हणाला, “तुम्ही म्हणाला ते खरंच व्हतं. पाय तुम्ही लावलेला.”

“हो. चुकलं माझं.”

“हुबेहूब लावला व्हता.” त्यानं टोपीनं नाक पुसलं. “ससा उसात शिरला. ती थांबली व्हती बांधावर. तिला कळत व्हतं, आत जायला नगं. माझ्याकडं बघत व्हती. मी शिट्टी मारली. माझी शिट्टी तिनं कधी मोडली न्हाई. गेली आत.”

मेहुणा दुसरीकडं बघू लागला.

“मग केकाटली एकदा. एकदाच. मला ऐकू आलं. पर उसाचा मालक तिकडनं वराडत यायला लागला, शिकारीची भानगड, केस झाली असती. आम्ही गाडी चालू केली. म्हटलं, येईल मागनं पळत. ती काय, गाडीच्या म्होरं पळणारी. दुसऱ्या दिशी आलो, आठ दिस येत व्हतो. पर उसात शिरायचा धीर न्हाई झाला ओ. बांधाबांधानं हाका मारायचो. दोन वर्सं झाली, ते केकाटनं कानातनं जात न्हाई. आन् परवा एसटीतनं उतरलो, तर ही भिंतीवर. चारी पाय शाबूत. वाटलं, सुटलो. काय झालंच न्हाई म्हटलं तिला. कुणीतरी उचलून नेली, बास. तेवढंच बघायला आलतो मी. न्यायला न्हाई.”

तो उठला, टोपी डोक्यावर ठेवली.

“माझी म्हणून कसं सांगू त्या बाईला? कोणच्या तोंडानं?”

मोटारसायकल गेली. मी परत आलो तेव्हा सिस्टर फाटकाशी जमिनीवर बसल्या होत्या, कुत्रीच्या पाठीवर हात ठेवून. मृदुला त्यांच्याशेजारी उकिडवी.

“काय म्हणाला?” सिस्टरनी विचारलं.

त्या दिवसात पहिल्यांदाच मी काहीही न लपवता, न सजवता बोललो. शिट्टी, केकाटणं, गाडी, बांध. सिस्टर खाली बघून ऐकत होत्या. मी संपवल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, “चार-पाच दिवस म्हणाले होते डॉक्टर. तो बांधावर हाका मारत होता तेव्हा ती आतच होती म्हणजे.” मग पदरानं डोळे टिपून उठल्या. “त्याचा नंबर आहे तुमच्याकडं?”

“माझ्या फोनवर आलाय,” मृदुला म्हणाली.

“त्याला कळव. नेऊ देणार नाही मी. पण भेटायला ये म्हणावं.”

त्या संध्याकाळी मृदुलानं आणि मी मिरज-सांगलीत लावलेली सगळी पोस्टरं उतरवली. शुक्रवारी मी पाचवा फोटो जसाच्या तसा घेऊन नवी पोस्टरं छापली. लोक हसले का? हसले असतील. पण रविवारी घाटावर रांग लागली. एका डोळ्याचं मांजर आलं, खरूज झालेलं गावठी कुत्रं आलं, तेरा वर्षांची, दात पडलेली पामेरियन मांडीवर घेऊन एक आजोबा आले. आपलं जनावर फोटोत शोभणार नाही म्हणून एरवी घरीच थांबली असती अशी माणसं होती ती, हे मला मृदुलानं कधी सांगितलं नाही. मीच समजून घेतलं. तिनं पुढं वर्षभर मला काम दिलं नाही. मी मागितलंही नाही.

मायाप्पाला तिनं तीनदा फोन केला. दोनदा त्यानं कापला. तिसऱ्यांदा ऐकून घेतलं, आणि नंतर महिनाभर काहीच नाही.

त्याचं येणं मी पाहिलं ते योगायोगानं. मी सिस्टरकडं माफी मागायला गेलो होतो, फार उशिरानं. पडवीच्या पायरीवर तो बसला होता, चपला खाली व्यवस्थित काढून ठेवलेल्या. ही चौथी खेप, सिस्टरनी सांगितलं. येतो, तासभर बसतो, ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून घालतो, बोलत नाही, आणि तिला हातही लावत नाही.

त्या दिवशी भाकरी खाऊन ती त्याच्या बाजूला आडवी झाली होती. दुपारचं ऊन होतं. तिचा डोळा लागला. मायाप्पा तिच्याकडं बघत होता, मग त्याचा हात उचलला गेला. आधी मानेवर ठेवला. पाठीवरून हळूहळू मागं आणला. कमरेपाशी थांबला. मग त्या शिवणीवर उतरला आणि तिथं तसाच राहिला.

तिनं झोपेतच एक मोठा सुस्कारा टाकला आणि अंग सैल सोडलं.

सिस्टरनी मला खूण केली. आम्ही दोघं आवाज न करता आत गेलो.